पेट्रोलचा खर्च दुप्पट कशामुळे? एका टर्बो गाडीचा हिशेब

माझ्या एका मित्राने दोन वर्षांपूर्वी वापरलेली टर्बो पेट्रोल गाडी घेतली. दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, ताकद २२५ किलोवॉट, म्हणजे साधारण ३०० हॉर्सपॉवर. त्याआधी त्याच्याकडे एक छोटी, सरळमार्गी गाडी होती. ती साध्या पेट्रोलवर लिटरला १७ किलोमीटर ॲव्हरेज द्यायची आणि कधी कुरकुर करायची नाही. नवीन गाडी घेताना त्याने विम्याचा हप्ता विचारला, सर्व्हिसिंगचा खर्च विचारला, टायर कधी बदललेत हेही पाहिलं. गाडी पिते काय आणि किती, एवढंच विचारायचं राहिलं.

चार महिन्यांनी त्याचा फोन आला. "अरे, पेट्रोलचा खर्च दुपटीच्या वर गेलाय. सगळा त्या प्रीमियमचा घोळ आहे. साधं घातलं तर चालेल ना?"

हा प्रश्न मी अशा गाड्यांच्या बऱ्याच मालकांकडून ऐकलाय. दुखतं खरंच, पण बोट ठेवलं जातं ते भलत्याच जागी. म्हणून या एका गाडीचा हिशेब पूर्ण मांडतो. आकडे त्याच्या वहीतले आहेत, सोयीसाठी थोडे पूर्णांकात आणलेले. पेट्रोलचे भाव जागेगणिक आणि आठवड्यागणिक बदलतात, त्यामुळे चलन बाजूला ठेवलंय. एक लिटर साध्या पेट्रोलची जी किंमत असेल, तिला एक एकक म्हणू. त्याच्या पंपावरच्या भावांचं प्रमाण तेव्हा असं होतं: ९१ ऑक्टेनचं साधं पेट्रोल १, ९५ ऑक्टेनचं १.०८ आणि ९८ ऑक्टेनचं, म्हणजे तो ज्याला प्रीमियम म्हणतो ते, १.१८ (ऑक्टेन म्हणजे काय ते पुढे येईलच). तुमच्या पंपावर हे प्रमाण वेगळं असेल. ते घालून गणित पुन्हा करा, पद्धत तीच राहील.

वर्षाचं रनिंग १२,००० किलोमीटर. जुनी गाडी त्यासाठी ७०६ लिटर प्यायची, म्हणजे ७०६ एकक. नवीन गाडीचं ॲव्हरेज ९८ वर साडेनऊ. तिला १,२६३ लिटर लागतात आणि १.१८ च्या भावाने ते होतात १,४९० एकक. खर्च दुपटीच्या वर गेला, ही तक्रार खरी आहे.

आता वाढलेले ७८४ एकक फोडून बघू. नवीन गाडी साध्या पेट्रोलवर तेवढंच ॲव्हरेज देते असं क्षणभर धरलं, तरी ५५७ लिटर जास्त लागतातच. ते झाले ५५७ एकक. प्रीमियमचा जादा भाव म्हणजे १,२६३ लिटरवर प्रत्येकी ०.१८, एकूण २२७ एकक. वाढीच्या दर दहा भागांतले सात भाग गाडीच्या भुकेचे आणि जेमतेम तीन भाग भावाचे. त्याचा सगळा राग मात्र त्या तीन भागांवर होता. कारण उघड आहे. भाव पंपावरच्या पाटीवर ठळक लिहिलेला असतो आणि आपण किती पितो ते कुठेच लिहिलेलं नसतं.

मी हे सांगितल्यावर फोनवर थोडी शांतता. मग म्हणाला, "दोन टाक्या मी साधं घालून बघितलं."

तिथून खरी गोष्ट सुरू झाली.

टाकीच्या झाकणामागचं स्टिकर

त्याच्या गाडीच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर आहे: ९८, किमान ९५. मग ९१ घालायचं धाडस आलं कुठून? त्याने अमेरिकेतल्या मालकांच्या नोंदी वाचल्या होत्या. तीच गाडी, तेच इंजिन आणि लोक बिनधास्त "९१" घालतायत. आपल्या पंपावरही ९१ मिळतं, वर तेच सर्वांत स्वस्त. झालं.

इथे भल्याभल्यांची गफलत होते. ऑक्टेनचा आकडा सगळीकडे एकाच मापाने लिहीत नाहीत. युरोप, ऑस्ट्रेलिया आणि आशियाचा मोठा भाग ज्या मापाने लिहितो ते आरओएन, म्हणजे रिसर्च ऑक्टेन नंबर. याच्या जोडीला दुसरं, जास्त कडक माप असतं, एमओएन, म्हणजे मोटर ऑक्टेन नंबर. पहिली चाचणी ६०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ६०० फेऱ्यांना होते, दुसरी ९०० ला आणि तापलेल्या मिश्रणावर, त्यामुळे दुसऱ्यात आकडा कमी येतो. अमेरिका आणि कॅनडातल्या पंपांवर या दोन्हींची सरासरी लिहितात. म्हणून तिकडचं ९१ म्हणजे इकडच्या मापाने ९५ ते ९६, तिकडचं ९३ म्हणजे साधारण ९८ आणि तिकडचं साधं ८७ म्हणजे आपलं ९१ ते ९२. तिकडचे मालक त्या गाडीत प्रीमियमच घालत होते. माझ्या मित्राने नेमकं ते घातलं, जे तिकडे कोणी त्या गाडीत घातलं नसतं.

पहिल्या टाकीत विशेष काही जाणवलं नाही. त्यातही नवल नाही, टाकीत आधीचं ९८ बरंच शिल्लक होतं. अर्धं ९८ आणि अर्धं ९१ मिसळलं की साधारण साडेचौऱ्याण्णव होतं, म्हणजे किमान मर्यादेच्या अगदी कडेला. दुसऱ्या टाकीत मात्र शुद्ध साधं. त्या आठवड्यात उकाडा होता, गाडीत चार माणसं आणि सामान, एसी चालू आणि लांब चढ. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला त्याने ॲक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखालून क्षणभर खडखड ऐकू आली, डब्यात गोट्या हलवल्यासारखी. मग आवाज गेला आणि गाडी बसल्यासारखी झाली. पिकअप गेला. दिवा लागला नाही, काही तुटलं नाही. पण त्याच्या पोटात गोळा आला तो आला.

खडखड थांबली, म्हणजे काय झालं?

हा भाग थोडा सावकाश घेतो, कारण पैशांचं गणित इथेच ठरतं.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, असा एक पक्का समज आहे. तसं नाही. ९८ च्या लिटरमध्ये ९१ च्या लिटरपेक्षा जास्त ऊर्जा असते असं नाही, आणि इथेनॉल मिसळून ऑक्टेन वाढवलेलं असेल तर उलट कमी असते. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. दहा टक्के मिसळलं की ऊर्जा साधारण ३ टक्क्यांनी उतरते. ऑक्टेन हे पेट्रोलच्या संयमाचं माप आहे. दाबलं, तापवलं, तरी ठिणगीची वाट बघत थांबायचं, आपणहून पेटायचं नाही. हे माप १९२० च्या दशकात ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने बसवलं. आयसोऑक्टेन या नियंत्रित जळणाऱ्या द्रवाला १०० आणि फटकन पेटणाऱ्या एन-हेप्टेनला ० दिले. आपलं पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखं वागतं, तो त्याचा ऑक्टेन.

सिलिंडरमध्ये ठिणगी पडल्यावर ज्वाळा स्पार्क प्लगपासून भिंतीकडे पसरत जाते. कोपऱ्यात उरलेलं, अजून न जळलेलं मिश्रण तोवर आणखी दाबलं जातं, आणखी तापतं. पेट्रोलचा संयम कमी पडला तर ते मिश्रण ज्वाळा पोचण्याआधी स्वतःच भडकतं. दाबाचा हिसका पिस्टनवर आणि भिंतींवर बसतो. यालाच नॉकिंग म्हणतात. टर्बो इंजिनात हवा आधीच दाबून आत कोंबलेली असते, म्हणून तिथे हा धोका मोठा. त्यातही कमी आरपीएम, जास्त लोड आणि उकाडा म्हणजे सगळे ग्रह एकत्र. त्या चढावर नेमकं तेच झालं.

आजच्या गाड्यांत इंजिन ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो, कंपनं ऐकणारा एक छोटा कान. खडखड ऐकली की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठिणगी उशिरा टाकायला लागतो, गरज पडली तर टर्बोचा दाबही उतरवतो. त्यामुळे नॉकिंग थांबतं. इंजिन वाचतं, हे खरं. पण फुकटात वाचत नाही. ठिणगी उशिरा पडली की जळण उशिरा होतं, पिस्टनला ढकलण्यात जायला हवी ती उष्णता सायलेन्सरच्या वाटेने बाहेर जाते. एक्झॉस्ट तापतो, टर्बो तापतो. त्याला थंड ठेवायला ईसीयू जास्त लोडला मिश्रणात पेट्रोल वाढवतो. स्वस्त पेट्रोल, पण जास्त पेट्रोल.

वहीत ते दिसलंही. साध्यावर ॲव्हरेज ८.७ आलं. मग आम्ही ठरवून तीन-तीन टाक्या ९५ च्या आणि ९८ च्या जाळल्या. टाकी फुल ते टाकी फुल मोजलं आणि प्रत्येक वेळी पहिली टाकी हिशेबातून सोडली. ईसीयूला नवीन पेट्रोलची सवय व्हायला वेळ लागतो आणि टाकीत जुनं उरलेलंही असतं. एका टाकीवरून निष्कर्ष काढणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, तीनवरूनही फार नाही. तरी आकडे आले ते असे: ९५ वर ९.३, ९८ वर ९.५.

आता लिटरचा भाव सोडून वर्षाचा खर्च मांडू. ९८ वर १,४९० एकक. ९५ वर १,२९० लिटर, म्हणजे १,३९४ एकक. ९१ वर १,३७९ लिटर आणि भाव १, म्हणून १,३७९ एकक.

पाटीवर बघितलं तर साधं पेट्रोल ९८ पेक्षा वर्षाला २२७ एकक वाचवणार होतं. प्रत्यक्षात वाचले असते १११, निम्म्याहून कमी. आणि ९५ शी तुलना केली तर? १५ एकक. वर्षभर किमान मर्यादेखालचं पेट्रोल घालून, दर चढावर कान टवकारून, पंधरा लिटर पेट्रोल वाचणार. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, ते याहून नेमकं कुठे लागू पडेल मला माहीत नाही. नॉक सेन्सर चूक सावरण्यासाठी असतो, रोजच्या चुकीचा परवाना म्हणून बसवलेला नसतो. कमी आरपीएमच्या जबर नॉकिंगने पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटू शकते, आणि मग इंजिन खोलावं लागतं. शिवाय मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या किमान ऑक्टेनखाली गेलात तर वॉरंटीच्या दाव्यात कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं.

म्हणून ९१ चा विषय तिथेच संपला.

९५ की ९८?

इथे वाद होऊ शकतो आणि आमचा झाला. स्टिकरवर "किमान ९५" आहे, म्हणजे उत्पादकाने त्या पेट्रोलवर इंजिन चालवून बघितलंय. ९६ एककांची वार्षिक बचत खरी आहे, इंजिनाला इजा नाही. फक्त भर उन्हात, पूर्ण लोडला थोडी ताकद कमी मिळते. माझं मत असं की रोजच्या शहरी रहदारीत ९५ पुरे. सिग्नलच्या रांगेत टर्बोला दाब तयार करायलाच मिळत नाही, तिथे ९८ च्या संयमाची परीक्षा कोण घेणार?

तो म्हणाला, "ताकदीसाठीच गाडी घेतली आणि तीच कापून घेऊ?" त्याच्या बाजूनेही बोलता येतं. अमेरिकेतल्या एएए या वाहनधारकांच्या संघटनेने २०१७ मध्ये प्रीमियमची "शिफारस" असलेल्या, पण सक्ती नसलेल्या गाड्या तपासल्या. प्रीमियमवर ॲव्हरेज सरासरी २.७ टक्क्यांनी आणि ताकद १.४ टक्क्यांनी वाढली. आमचा ९.३ ते ९.५ हा फरक सुमारे दोन टक्क्यांचा, म्हणजे त्याच जातीचा. पण भावातला फरक नऊ टक्क्यांचा. दोन टक्क्यांनी नऊ टक्के भरून निघत नाहीत. ९८ हा हौसेचा खर्च आहे. हौसेला मोल नसतं, फक्त हौसेला काटकसर म्हणू नये.

मॅन्युअलमधल्या शब्दांकडे मात्र नीट बघायला हवं. "आवश्यक" आणि "शिफारस" या दोन शब्दांत वर्षाला शंभरेक एककांचा फरक असू शकतो. त्याच्या गाडीच्या झाकणामागे "किमान ९५" नसतं, नुसतं ९८ असतं, तर आमचा हा वादच झाला नसता.

मध्येच त्याला उलटा झटकाही आला. एका पंपावर १०० च्या वरचं, रेसिंगच्या नावाने विकलं जाणारं पेट्रोल दिसलं आणि त्याने एक टाकी भरली. फरक? काही नाही. ईसीयू ठिणगी एका हद्दीपर्यंतच लवकर आणतो, ती हद्द या गाडीत ९८ ला गाठली जाते. त्यापुढचा संयम वापरायला इंजिनाकडे जागाच नाही. ट्यूनिंग करून ईसीयूत नवीन मॅप, म्हणजे बदललेली सेटिंग, टाकलेली असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या गाडीत तसं काही नव्हतं.

इंजिन स्वच्छ राहतं म्हणून प्रीमियम घालणारेही आहेत. स्वच्छतेचं काम डिटर्जंट करतं, ऑक्टेन नाही. काही कंपन्या प्रीमियममध्ये डिटर्जंट जास्त घालतात, काही सगळ्या प्रकारांत सारखं. तरी त्याच्या गाडीत डायरेक्ट इंजेक्शन आहे, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हला त्याचा स्पर्शही होत नाही, त्यामुळे तिथली काजळी कोणत्याही पेट्रोलने धुतली जाणार नाही.

आणि प्रीमियम महाग का, हेही त्याने चिडून विचारलं. ९ डिसेंबर १९२१ ला थॉमस मिजली यांना सापडलं की टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, चिमूटभर घातलं की नॉकिंग थांबतं. किती सोपं, किती स्वस्त! त्या स्वस्ताईची किंमत जगाने पुढे शंभर वर्षं रक्तातल्या शिशाने मोजली. गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. आज ऑक्टेन वाढवायचा तर बहुतेकदा रिफायनरीत रेणूंची रचनाच बदलावी लागते आणि ते काम करणारा रिफॉर्मर जितका कसून चालवावा तितकं हाती येणारं पेट्रोल घटतं. वर खप कमी, पंपावर टाकी वेगळी. भाव फुगवलेला नसतोच असं मी म्हणणार नाही. पण सगळाच फुगवलेला नसतो.

उजवा पाय

एवढं झाल्यावर मी त्याच्याबरोबर आठवडाभर गाडीत बसलो. सिग्नल सुटला की गाडी झेपावायची आणि पुढच्या सिग्नलला करकचून थांबायची. सकाळी दोन किलोमीटरवर जायलाही हीच गाडी, इंजिन गरम व्हायच्या आत बंद. थंड इंजिन जाडसर, म्हणजे जास्त पेट्रोलचं, मिश्रण मागतं, छोट्या फेऱ्यांत ॲव्हरेज तिथेच बुडतं. मोकळ्या रस्त्यावर वेगाचा काटा कायम थोडा वर, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो.

पुढचे दोन महिने त्याने पाय आवरला. छोट्या फेऱ्या एकत्र केल्या, टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी बघितली. ९८ वरच ॲव्हरेज १०.८ ला गेलं. त्या हिशेबाने वर्षाला १,१११ लिटर, १,३११ एकक. बचत १७९ एकक. ९५ वर उतरून जे वाचणार होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट, तेही त्याचं लाडकं ९८ न सोडता. पेट्रोलच्या प्रकारावर आम्ही जितका वेळ भांडलो, तितका पायावर बोललो असतो तर बरं झालं असतं.

एक खर्च मात्र या वहीत सुरुवातीला नव्हताच. तो वर्षातून दोनदा गाडी ट्रॅकवर नेतो. पूर्ण ताकदीला असं इंजिन दर किलोवॉट-तासाला साधारण ३०० ग्रॅम पेट्रोल खातं. २२५ किलोवॉटला होतात साडेसदुसष्ट किलो, म्हणजे तासाला ९० लिटरच्या आसपास. ब्रेक, वळणं धरून सरासरी निम्मी पकडली तरी दिवसाच्या वीस-वीस मिनिटांच्या चार फेऱ्यांत ६० लिटर, अख्खी टाकी. दोन दिवसांचे १४२ एकक. ९५ घालून वर्षभरात वाचवलेलं दोन दिवसांत उडालं, वर भर पडली ती वेगळीच. त्याला हा आकडा ऐकून हसू आलं, कारण बुगाटी व्हेरॉन तिच्या कमाल वेगाला १०० लिटरची टाकी सुमारे १२ मिनिटांत रिकामी करते हे त्याला तोंडपाठ होतं. ट्रॅकवर ९८ च हवं, यावर आमचं पहिल्यापासून एकमत. तिथे इंजिन सतत तापलेलं आणि सतत पूर्ण दाबाखाली असतं.

टायर मी मुद्दाम शेवटी काढले. मऊ रबराचा संच त्याचा २०,००० किलोमीटरमध्ये संपला. बिल ६२० एकक, म्हणजे वर्षाला ३७२. प्रीमियमच्या ज्या २२७ एककांवरून फोन आला होता, त्याच्या दीडपटीहून जास्त. टायरवाल्याला त्याने एक शब्दही विचारला नव्हता.

सध्या तो एरवी ९५ भरतो आणि लांबचा प्रवास, उकाडा किंवा ट्रॅक असेल तर त्याआधीच्या टाकीपासून ९८. मला हे पटतं, त्याला अर्धंच पटलंय. वहीत भावाचा रकाना त्याने खोडला आणि तिथे दर किलोमीटरचा खर्च लिहायला लागला. गेल्या महिन्यात मला घेऊन आणखी एक गाडी बघायला गेला, सहा सिलिंडरची. विकणारा बॉनेट उघडत होता, हा मागे जाऊन टाकीचं झाकण उघडून वाकून बघत होता.

"नुसतं ९८ लिहिलंय," म्हणाला. "किमान वगैरे काही नाही."

मग खाली बसून टायरचा साइज वाचायला लागला.